सात वर्षं प्रीमियम भरला, तरी क्लेम नामंजूर

तालुक्याच्या गावात पंधरा-वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांना गाठणारी ही फसवणूक प्रोफेशनल इन्डेम्निटीतली, म्हणजे उपचारात चूक झाल्याच्या दाव्यांसाठी डॉक्टर घेतात त्या विम्यातली. यात पावती खरी असते, पॉलिसीही खरी असते, म्हणूनच रुग्णाच्या तक्रारीची नोटीस येईपर्यंत ती कळत नाही.

मार्चअखेर एजंट येतो. "कव्हर तेवढंच, प्रीमियम कमी. सही करा, फॉर्म मी भरतो." 'आधीची पॉलिसी' या रकान्यात तो 'नाही' लिहितो. जुने कागद जोडले की कंपनी प्रश्न विचारते, ते त्याला नको असतं.

प्रोफेशनल इन्डेम्निटीत दोन तारखा जुळाव्या लागतात. दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि उपचार शेड्यूलवरच्या, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावरच्या, 'रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट'नंतरचे हवेत; कव्हर मिळतं ते या तारखेपासूनच्या उपचारांनाच. समजा, पॉलिसी एप्रिल 2019 पासून अखंड होती. एप्रिल 2024 मध्ये कंपनी बदलली, फॉर्मवर आधीची पॉलिसी 'नाही' असल्याने नवी रेट्रो डेट पडली 1-4-2024. नोव्हेंबर 2023 मधल्या बाळंतपणाची तक्रार ऑगस्ट 2025 मध्ये आली. ग्राहक कायद्याची मुदत दोन वर्षांची, म्हणजे तक्रार वेळेत आहे. जुनी कंपनी म्हणते, आमची पॉलिसी आता चालू नाही. नवी म्हणते, उपचार आमच्या तारखेआधीचे. कराराच्या भाषेत दोघींचंही बरोबर, आणि डॉक्टर उघड्यावर. नूतनीकरणात खंड पडला तरी हीच गत होऊ शकते.

म्हणून कंपनी बदलताना जुन्या सगळ्या शेड्यूलच्या प्रती जोडा आणि पहिलीच रेट्रो डेट नव्या शेड्यूलवर छापून आल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडू नका. एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरावा म्हणून धरू नका. भरलेल्या फॉर्मची प्रत सहीच्याच दिवशी मागून घ्या.

डॉक्टरच्या नावाची पॉलिसी ही हॉस्पिटलची नव्हे, हेही एजंट सांगत नाही. तक्रारीत हॉस्पिटल वेगळा पक्षकार होतं. बाहेरून येणारे भूलतज्ज्ञ, नोंदणी नसलेल्या सिस्टर यांचं कव्हर आहे का, हे लेखी विचारा. खेड्यात नेमकं इथेच अडतं.

नोटीस आली की एजंट म्हणतो, "कागद माझ्याकडे द्या, मी बघतो." देऊ नका. कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवा, पोच ठेवा. ग्राहक आयोगात लेखी म्हणणं मांडायला 30 दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी 15. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय नातेवाइकांशी तडजोडही करू नका, क्लेम जाऊ शकतो.

कंपनी आधीच बदलली असेल, तर आज शेड्यूल काढून ती एक तारीख वाचा. चुकली असेल तर नोटीस यायच्या आत जुन्या पॉलिसी जोडून दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचं लेखी पत्र) मागा. कंपनीने दाद दिली नाही, तर विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा.