यशिका घेताना मी फसलो, निगेटिव्हच्या कडा बघायच्या राहिल्या

नागपुरात जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा शोधत असाल तर माझे २४,००० रुपये कसे गेले ते आधी वाचा.

१२० फिल्मवर (नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा रुंद रोल, मीडियम फॉरमॅट म्हणजे हाच) काम करायचं हे पक्कं होतं. हॅसलब्लॅड ५००सी/एम खिशाबाहेरचा. ब्रोनिका ईटीआरएस परवडला असता, पण त्याचं शटर बॅटरीवर चालतं. आतलं सर्किट गेलं तर इथे कोणाकडे नेणार? मामिया आरबी६७ पूर्ण मेकॅनिकल, पण तो गळ्यात घालून महाल भागातल्या गल्ल्या फिरणं म्हणजे हमाली. राहिला यशिका मॅट १२४जी. १९७० साली आलेला, दोन लेन्सचा (वरचीतून बघायचं, खालचीतून फोटो निघतो), एका रोलवर ६×६ सेंमीचे १२ फोटो, शटर नुसत्या स्प्रिंगांवर आणि चाकांवर. कॅमेरा निवडताना मी चुकलो नव्हतो, असं आजही वाटतं.

विकणारा पन्नाशीचा, गोडबोल्या. वडिलांचा स्टुडिओ होता म्हणाला. धरमपेठेत एका टपरीवर तर्री-पोहे त्यानंच मागवले. बॅग उघडायच्या आधीच म्हणाला, ‘‘भाऊ, खोटं नाही बोलणार. मीटर मेलेला आहे. त्याचे १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल आता मिळतच नाहीत.’’ सेल मिळत नाहीत हे खरंच आहे. उजेड मोजायचं मीटरचं काम माझा फोन करतो, त्यामुळे मला फरक पडत नव्हता. पण स्वतःहून वस्तूतली खोट सांगणारा माणूस, म्हणून मी तिथेच ढिला पडलो. पुढे तो जे बोलला ते तपासायचं माझ्या मनातच आलं नाही.

बोलता बोलता त्याचा हात सारखा चालू होता. क्रँक फिरव, बटण दाब, परत क्रँक. मला वाटलं सवय असेल. मग त्यानं एक सेकंद लावून दाखवला, झर्रर्र करून बरोबर सेकंदाला शटर बंद. जुनं घट्ट झालेलं वंगण दहा-वीस वेळा चालवलं की तात्पुरतं सैल होतं, वर मे महिन्यातलं आपलं ऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पहिल्याच दाबाला एक सेकंदावर शटर उघडं पडलं ते मिटेचना.

वरच्या काचेतून पाहिलं तर चित्र लख्ख. टॉर्च मारून वरची लेन्सही दाखवली, एक डाग नाही. खालची पाहू म्हटलं तर, ‘‘मागचं झाकण उन्हात कशाला उघडता, धूळ जाते.’’ एक रोल घालून धुवून बघू, अर्धे पैसे आज, अर्धे नंतर, असंही मी सुचवलं. तेव्हा पुण्याचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. (हे पुण्याचं गिऱ्हाईक नागपुरात प्रत्येक जुन्या वस्तूच्या मागे असतं.) शेवटी त्यानं तीन फ्रेमची निगेटिव्हची पट्टी हातात ठेवली, झिरो माईल स्तंभाजवळचे घोड्यांचे पुतळे, अगदी कडक शार्प. ‘‘याच कॅमेऱ्यातली. ठेवा तुमच्याकडे.’’ मी पैसे दिले.

पहिला रोल फुटाळा तलावावर काढला आणि घरीच धुतला. मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी हाताला चटका देतं, डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) २० अंशांवर आणायला बादलीत बर्फ टाकावा लागतो. त्यामुळे फोटो बिघडलेले पाहून आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. पण पाणी गरम झालं म्हणून दोन फ्रेम एकमेकींवर चढत नाहीत. आणि ज्या मित्राच्या डोळ्यांवर फोकस केला तो धूसर, त्याच्या मागची रेलिंग मात्र स्पष्ट.

इतवारीत एक म्हातारे कारागीर आहेत, स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि वरच्या लेन्सभोवतीचे बारीक स्क्रू दाखवले, खाचा पार कुरतडलेल्या. ‘‘कोणं देल्लं बे तुले हे? वरची लेन्स खोलून पुसली अन् बसवताना जागा चुकली. गिऱ्हाईक वरून पाहाते ना, म्हणून तेवढीच पुसली.’’ मागचं झाकण उघडून, शटर बी वर (बटण दाबलंय तोवर उघडं) धरून, अ‍ॅपर्चर ३.५ ला, म्हणजे पूर्ण उघडं ठेवून त्यांनी टॉर्च मारला. खालच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कूलरची चार महिन्यांची ओल आणि त्यावर पावसाळा, कपाटात पडलेल्या लेन्सचं आपल्याकडे हेच होतं. मग फिल्म बसते त्या पट्ट्यांवर बटर पेपर ताणून चिकटवला आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवर फोकस केला. वरच्या काचेत अक्षरं स्पष्ट, बटर पेपरवर नुसता धूर. अख्खी तपासणी पाच मिनिटांची. टपरीवर बसून मला करता आली असती.

मी ती घोड्यांची पट्टी काढली. मग हे इतके शार्प कसे?

त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली आणि हसले. ‘‘फोटो नको पाहू, काठ पाह्य.’’ प्रत्येक चौकोनाच्या एका कडेला दोन बारीक त्रिकोणी खाचा होत्या. हॅसलब्लॅडच्या मॅगझिनला (फिल्म बसते तो मागचा डबा) तशा खाचा असतात, त्या फ्रेमच्या कडेवर उमटतात. यशिकाच्या फ्रेमची कड सरळ येते. माझ्या रोलवर तशीच होती.

त्या माणसाला फोन केला. ‘‘पन्नास वर्षांची वस्तू आहे भाऊ, गॅरंटी थोडीच दिली होती,’’ एवढं बोलून त्यानं फोन ठेवला, मग नंबर ब्लॉक. पावती नाही, लेखी काही नाही. पोलिसांत गेलो नाही, खाचांची गोष्ट तिथे कोणाला समजावणार होतो?

दुरुस्तीला ३,५०० लागले. फोकस आणि शटर सुधारलं. फिल्म ओढणारं चाक झिजलेलं आहे, त्याचा सुटा भाग मिळत नाही, त्यामुळे रोलमागे दोन-तीन फ्रेम अजूनही एकमेकींवर चढतात.

गेल्या आठवड्यात एका मित्रानं मला फोटो पाठवले. मामिया सी३३० विकायला आहे, वडिलांच्या स्टुडिओतला, घेऊ का? सोबत त्याच कॅमेऱ्यातली म्हणून एक निगेटिव्ह होती. झिरो माईलचे घोडे, जरा वेगळ्या कोनातून. मी मोठं करून पाहिलं. कडेला दोन खाचा.