जुन्या गॅस वेल्डिंग सेटचे नट "आता कुठेच मिळत नाहीत" असं कोणी सांगितलं, तर आधी हे वाचा

वडिलांचा, आजोबांचा किंवा मामाचा गॅस वेल्डिंगचा जुना सेट ज्यांच्या घरी पडून आहे आणि तो पुन्हा चालू करायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्हाला देवगडात ज्या पद्धतीने फसवलं, ती पद्धत ठरवून आखलेली होती. उद्या तीच चाल मालवणात, विजयदुर्गात किंवा हर्णैला कोणावरही खेळली जाईल. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या माणसाने पाठवलेला माल खरोखर सिलिंडरला जोडला गेला असता तर काय झालं असतं, ते जास्त भयंकर आहे.

बाबा बंदरावर गॅस वेल्डिंग करायचे. ट्रॉलरच्या इंजिनाचे कूलिंगचे पाइप, एक्झॉस्ट, पितळेचं ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधे जोडणं) ही त्यांची कामं. त्यांच्या मागे सेट तसाच लाकडी पेटीत राहिला. टॉर्च (ज्याच्या तोंडाशी गॅसची ज्योत पेटते तो दांडा), नोझलं, दोन रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करणारे), सगळं जड पितळेचं आणि टॉर्चवर इंडियन ऑक्सिजनचं नाव. ही कंपनी पुढे बीओसी इंडिया झाली आणि 2013 पासून लिंडे इंडिया या नावाने आहे. टॉर्चला काही झालेलं नव्हतं, पण दोन्ही नळ्या खाऱ्या हवेने आणि उंदरांनी संपवल्या होत्या. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे 1 जून ते 31 जुलै, होड्या वर ओढलेल्या असतात आणि दुरुस्तीची सगळी कामं तेव्हाच निघतात. एका होडीवाल्याला पितळेचं काम गॅसनेच करून हवं होतं. त्यासाठी नळ्या, नट आणि निपल (नळीच्या तोंडात बसणारा जोडाचा तुकडा) शोधायला लागलो. गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे नव्हतं, कणकवलीत एका दुकानात अर्धं सामान मिळालं, आणि कोणीतरी मुंबईकडच्या एका माणसाचा नंबर दिला. "जुन्या ब्रिटिश सेटचा स्पेशालिस्ट" अशी त्याची ओळख.

माणूस बोलायला फार चांगला. व्हिडिओ कॉलवर सेट बघितला, बाबांची विचारपूस केली, टॉर्चचं कौतुक केलं. मग म्हणाला, नटाच्या आट्यांचं माप घ्या. मी सांगितलं की हे तीन सुती बीएसपी आहेत, बाबा तसंच म्हणायचे. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि बीएसपी म्हणजे ब्रिटिश पाइपच्या मापाचे आटे.) त्यावर तो म्हणाला, "तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. तुम्ही व्हर्नियर लावून बघा." लावला, तर टॉर्चच्या आट्यांचा बाहेरचा व्यास साडेसोळाच्या वर आला. "बघा, हा कुठल्याच मापात बसत नाही. हा जुना स्पेशल थ्रेड आहे, भारतात आता कोणी बनवत नाही. माझ्याकडे जुन्या स्टॉकमधले थोडे उरलेत."

इथे पहिली फसवणूक आहे आणि ती नीट समजून घ्या. बीएसपीमधला आकडा आट्यांच्या व्यासाचा नसतो, तो पूर्वीच्या पाइपच्या आतल्या मापावरून आलेला आहे. तीन सुती बीएसपीचा बाहेरचा व्यास 16.66 मिलिमीटर आणि एका इंचात 19 आटे, हे ठरलेलं माप आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या-नव्या वेल्डिंग टॉर्चना नळी जोडायला हेच आटे असतात. म्हणजे व्हर्नियरवर जे माप आलं, ते अगदी बरोबर होतं. त्याने तेच माप माझ्यासमोर ठेवून "हे दुर्मिळ आहे" असं पटवलं. खरं माप हातात असताना त्याचा खोटा अर्थ लावून देणं, ही त्याची सगळी विद्या.

त्याने मागितलेली रक्कम 11,500 रुपये. निम्मी आगाऊ, निम्मी पार्सल निघायच्या आधी. बिल मागितलं तर "जुना स्टॉक आहे, जीएसटी बिल निघत नाही". शिवाय म्हणाला की नमुना म्हणून सेटचे मूळ नट आणि निपल पाठवा, त्यावर पडताळून माल देतो, दोन्ही एकत्र परत येतील. बाबांचे सगळे नट एसटीच्या पार्सलने गेले. ते परत आलेच नाहीत. आधी "कारखान्यात आहेत", नंतर "मुलाने कुठे ठेवले बघतो", आणि शेवटी "तुम्ही पाठवलेच नव्हते".

पार्सल आलं ते बाबांबरोबर पूर्वी काम केलेल्या काकांसमोर उघडलं, हे आमचं नशीब. त्यांनी लाल, म्हणजे ॲसिटिलिनच्या नळीचा नट हातात घेतला, उन्हाकडे धरून फिरवला आणि म्हणाले, "ह्यो उलट्या आट्यांचो नट न्हय. उजव्या नटाक कानस मारून खाच पाडल्यान."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ऑक्सिजनच्या बाजूचे आटे उजवे असतात आणि ॲसिटिलिनच्या किंवा कुठल्याही जळणाऱ्या गॅसच्या बाजूचे उलटे, म्हणजे डावे. चुकूनही दोन्ही नळ्या अदलाबदल होऊ नयेत, म्हणून ही व्यवस्था आहे. उलट्या आट्यांच्या नटाच्या षटकोनी कोपऱ्यांवर मधोमध खाच असते, ती बघूनच हात ओळखतो. खऱ्या नटावर ती खाच लेथवर पाडलेली असते, सगळ्या कोपऱ्यांवर एका रेषेत आणि एकाच खोलीची. आमच्याकडे आलेल्या नटावर एका कोपऱ्यावर खोल, शेजारच्यावर जेमतेम ओरखडा, आणि कडेला कानशीच्या ताज्या चकाकत्या रेघा. आत बघितलं तर आटे सरळसरळ उजवे. सोबत टेफ्लॉन टेपचा रोल आणि निरोप: "पहिले दोन आटे पान्याने जोर लावून बसवा, मग धरेल."

डाव्या आट्यांवर उजवा नट कधीच धरत नाही. जोर लावला असता तर टॉर्चचे मऊ पितळेचे आटे कायमचे गेले असते. आणि या जोडाला टेप लागतच नाही. निपलचं गोल तोंड टॉर्चच्या बैठकीवर धातूला धातू लागून बसतं आणि गॅस तिथेच थांबतो, नट फक्त दाबून धरतो. टेप लावून गळती थांबवायला कोणी सांगितलं, तर तो एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

नळ्यांचंही तेच. लाल नळी हातातून ओढली तर तळवा लालसर झाला. साबणाच्या पाण्याने पुसल्यावर खालून करडा रंग दिसायला लागला. तोंड कापून बघितलं तर आत कापडी विणकामाचा थर नव्हता, नुसतं एकजीव रबर. कंप्रेसरच्या हवेची स्वस्तातली नळी असावी. आयएस 447 (वेल्डिंगच्या रबरी नळ्यांचं भारतीय मानक) असा छाप होता, पण तो एका टोकाला स्टिकरवर. चांगल्या वेल्डिंग नळीवर बनवणाऱ्याचं नाव, मानक, आतलं माप आणि वर्ष हे नळीच्या लांबीभर ठराविक अंतरावर छापलेलं किंवा उठवलेलं असतं. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा, आणि तो मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कोणालाही तपासता येतो. आमच्या स्टिकरवर क्रमांकच नव्हता.

काका ज्याने खरे हादरले ती वस्तू वेगळीच होती. लाल नळी दोन तुकड्यांत होती आणि मध्ये जोड म्हणून तांब्याच्या नळीचा तुकडा घातलेला. ॲसिटिलिन तांब्याशी लागून राहिला की कॉपर ॲसिटिलाइड तयार होतं, आणि ते सुकलं की नुसत्या धक्क्याने किंवा घासण्यानेही फुटतं. म्हणूनच ॲसिटिलिनच्या मार्गात शुद्ध तांबं कधीच वापरत नाहीत. पितळ चालतं, पण त्यातही तांब्याचं प्रमाण मर्यादेत ठेवतात. एसीचं किंवा फ्रिजचं काम करणारी पोरं कधीकधी हाताशी असलेला तांब्याचा तुकडा सहज जोडून टाकतात. कृपा करून ॲसिटिलिनला, म्हणजे आपण ज्याला डीए गॅस म्हणतो त्याला, असं कधी करू नका. शिवाय हवेत अडीच टक्के ॲसिटिलिन मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे बंद शेडमध्ये बारीक गळतीसुद्धा क्षुल्लक नसते.

नट बसत नाही म्हणून फोन केला, तेव्हा या चालीचं शेवटचं टोक दिसलं. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "तुमच्या टॉर्चचेच आटे झिजलेत. आता हा सेट वापरणं धोक्याचं आहे. पाठवून द्या, पितळेच्या भावाने घेतो, वर हजार रुपये तुमच्या वडिलांच्या आठवणीखातर." नट बसणारच नाही अशी तजवीज त्यानेच केली होती, कारण त्याला सेटच हवा होता. असे जुने पितळी सेट शोभेच्या वस्तू म्हणून भंगाराच्या कितीतरी पट भावाने विकले जातात. आधी पैसे, मग मूळ नट, मग भीती घालून सगळा सेट. घरात कर्ता माणूस गेलेला असतो, वस्तूंची माहिती त्याच्याबरोबर गेलेली असते, आणि हे लोक नेमके तिथे हात घालतात. याचा मला मनापासून राग आहे.

सेट आम्ही दिला नाही. फोंडाघाटातून कोल्हापूरला गेलो, उद्यमनगरात वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात टॉर्च काउंटरवर ठेवली. दुकानदाराने एकदा बघितलं आणि खणातून तीन सुती नट काढले, उजवे आणि डावे दोन्ही. हाताने फिरवले तर शेवटपर्यंत मऊ गेले. ऑक्सिजनला निळी, ॲसिटिलिनला लाल, आठ मिलिमीटरची नळी, निपल आणि दाबून बसवायच्या क्लिपा, हे सगळं त्या माणसाच्या मागणीच्या पाव हिश्श्यात आलं, पक्क्या बिलासह. शिवाय फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत उलटी शिरू नये म्हणून लावायचे तुकडे) घेतले, जे बाबांच्या सेटला कधीच नव्हते. रेग्युलेटर मात्र त्याच दुकानदाराने वापरू नका म्हणून सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं: आतला डायफ्राम (दाबाने हलणारा पडदा) आणि सीट (झडप टेकते ती बैठक) वयाने कडक होतात, त्यामुळे दुरुस्ती आणि चाचणी झाल्याशिवाय जुना रेग्युलेटर भरल्या सिलिंडरला लावू नये. त्याने विकत घ्यायची भाषा केली नाही, उलट मूळ पेटीतच नीट ठेवा म्हणाला.

आणखी काही गोष्टी, ज्या शोधताना उपयोगी पडतील. घरात कोणी बोटीवर नोकरीला होतं आणि सेट अमेरिकेचा आणलेला असेल, तर त्याचे आटे बहुधा साडेचार सुती असतात, बाहेरचा व्यास सुमारे 14.3 मिलिमीटर आणि इंचात 18 आटे. तो तीन सुती बीएसपीला लागत नाही, जोर लावू नका, त्यासाठी तयार अडॅप्टर मिळतात. हल्ली आपल्याकडे बरेच जण कटिंगला डीएऐवजी एलपीजी वापरतात, तर नळीही एलपीजीला चालणारी आहे ना ते विचारून घ्या, आंतरराष्ट्रीय मानकात तिचा रंग नारिंगी असतो. फक्त ॲसिटिलिनसाठी बनवलेल्या नळीचं रबर एलपीजीने खराब होतं. नवी नळी लावण्याआधी आतली पावडर फुंकून काढतात. आटे घट्ट आहेत म्हणून तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, ऑक्सिजनच्या दाबाखाली ते पेट घेतं. आणि मूळ नट-निपल नमुना म्हणून कोणालाही पार्सलने पाठवायचे नाहीत. टॉर्च स्वतः घेऊन दुकानात जा, किंवा व्यास आणि इंचातले आटे मोजून पाठवा. एवढ्यावर ओळखता येत नसेल, तर तो माणूस कसला स्पेशालिस्ट?

तक्रार आम्ही केली आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे सापडणं कठीण. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा मुंबईचा असला तरी, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वस्तू धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहक धरत नाहीत असं काही जण सांगतात, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या कायद्यात ग्राहकाच्या बाजूनेच धरलेली आहे. मुदत दोन वर्षांची. व्हिडिओ कॉलनंतरचे सगळे संदेश, पैसे भरल्याच्या पावत्या, एसटी पार्सलची पावती आणि ते खोटे नट, सगळं जपून ठेवलंय.

बाबांच्या मूळ नटांवर ओळखीसाठी त्यांनी पंचाने शेजारी-शेजारी तीन ठिपके मारलेले आहेत, षटकोनाच्या एका सपाट बाजूवर. मुंबईत, कोल्हापुरात किंवा गोव्यात जुन्या पितळेच्या दुकानात असे नट कोणाला दिसले, तर दुकानदाराला ते कुठून आले एवढं विचारा आणि फोटो काढून ठेवा. आमच्या तक्रारीला तो पुरावा लागणार आहे.