फ्रँकेलची स्टड सेवा: भाव चढा, पण नाणं खणखणीत

वंशावळी वाचायचं व्यसन असलेल्या माणसाचं हे मत. माझ्या पदरी एकही घोडी नाही. फ्रँकेल हा शर्यतीचा घोडा 14 शर्यती पळाला आणि 14 जिंकला. आकडा सोडा, 2011 ची टू थाउजंड गिनीज ही शर्यत बघा: फाटक उघडल्यापासून पुढे, अर्ध्या वाटेतच बाकीच्यांचा धुव्वा, शेवटी सहा लेंग्थनी (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) विजय. पुढच्या वर्षी क्वीन अ‍ॅन ही शर्यत तर 11 लेंग्थनी! असल्या तापट घोड्याला त्याचे प्रशिक्षक हेन्री सेसिलनी आवरलं, त्याचं मला जास्त कौतुक.

2013 मध्ये बॅनस्टेड मॅनर या पैदास केंद्रात त्याच्या सेवेचा, म्हणजे त्याच्याकडून घोडी फळवून घेण्याचा, दर होता 1,25,000 पौंड. 2024 मध्ये 3,50,000. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, म्हणजे घोडीच्या प्रवासाचा खर्च वेगळा. गाजलेला धावपटू चांगला बाप होतोच असं नाही. हा झाला. त्याची नावाजलेली अपत्यं: जपानमध्ये सोल स्टिरिंग, मग क्रॅक्समन, 2021 चा डर्बी विजेता अडायार. एकच अडचण. हा गॅलिलिओचा मुलगा, त्यामुळे गॅलिलिओच्या मुलींसाठी, म्हणजे त्याच्या सावत्र बहिणींसाठी, बाद. आणि युरोपातल्या उत्तम माद्यांमध्ये त्यांचाच भरणा!