वढवाण्याची पक्षीफेरी: पक्षी अव्वल, नियोजन जेमतेम

बडोद्याहून डभोईमार्गे वढवाणा तलावावर नेणाऱ्या रविवारच्या फेऱ्यांना पक्ष्यांसाठी पैकीच्या पैकी गुण. गायकवाडी काळातला हा सिंचन तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे गर्दी, पक्ष्यांची आणि माणसांचीही.

खरं आकर्षण पट्टकादंब. हिमालय ओलांडून येणारे हे हंस रात्री-पहाटे शेतांत चरतात, उजाडल्यावर थव्याने पाण्यावर परततात. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे दिसले की ओळख पक्की. गाडी शहरातूनच उशिरा सुटली तर नेमकं हेच हुकतं, आणि ती बहुधा उशिराच सुटते.

थवे काठापासून लांब बसतात. त्यामुळे फेरी नेणाऱ्या गटाकडे तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप (लांबचं पाहायची एकनळी दुर्बीण) आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. स्वतःची दुर्बीण ८×४२ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बरी. १० पटीची हातात जास्त थरथरते. बांधावर ऊन पाठीशी ठेवून चाला, नाहीतर तलवार बदक काय नि थापट्या काय, सगळे नुसते काळे ठिपके. थापट्या चपट्या, रुंद चोचीवरून ओळखा, तलवार बदक टोकदार शेपटीवरून. पांढरे, भडक कपडे टाळा.

नाश्त्याचा फाफडा ठीकठाक.