ट्रकमधला इन्व्हर्टर आणि त्यावर लॅपटॉप, हार्ड डिस्क, माईक: आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले, 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये 1000 वॅटचा प्युअर साईन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर लावून त्यावर लॅपटॉप, मॉनिटर, दोन हार्ड डिस्क, कॅमेऱ्याचे चार्जर आणि रेकॉर्डिंगचं सामान चालवतोय. घेताना वाटलं होतं सगळा खेळ प्युअर साईनचाच आहे, तो घेतला की झालं. पण खरा जीव खाल्ला तो वायरने.

आधी मॉडिफाईड साईनवाला (चौकोनी पायऱ्यांची लहर देणारा) छोटा होता, लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा. लॅपटॉप चालायचा, पण अॅडाप्टर गुणगुणायचा आणि नेहमीपेक्षा जास्त तापायचा. एकदा साध्या मल्टिमीटरने आउटपुट बघितलं तर 180 व्होल्ट, घाबरलोच. नंतर कळलं की साधा मीटर साईन वेव्ह धरूनच आकडा काढतो, अशा चौकोनी वेव्हवर तो कमीच दाखवणार, त्यासाठी ट्रू आरएमएस मीटर लागतो, जो लहर कशीही असली तरी खरा आकडा देतो. असो, तो इन्व्हर्टर काढला.

नवा लावला केबिनमध्ये सीटमागे, बॅटरीपासून चार मीटरवर, 4 स्क्वेअर एमएमच्या वायरवर. पहिले दोन महिने सगळं एकदम चालू केलं की लो व्होल्टेजचा पीप पीप सुरू, इंजिन बंद असेल तर लगेचच. बॅटरी म्हातारी झाली असं समजून नवीन घ्यायला निघालो होतो. मग लोड चालू ठेवून दोन्हीकडे मोजलं: बॅटरीवर 24.6, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर 22.3. करंट 20 अँपिअरच्या आसपास, म्हणजे 46 वॅट नुसते वायरीत आणि जॉइंटमध्ये जळत होते! फ्यूज होल्डरला हात लावला तर चटका. एक लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) नीट क्रिंपच, म्हणजे दाबून घट्टच, झालेला नव्हता (बसवणाऱ्याने पक्कडीने दाबून दिला असणार).

आता इन्व्हर्टर बॅटरीपासून दीड मीटरवर, वायर 16 स्क्वेअर एमएम, बॅटरीच्या अगदी जवळ 60 अँपिअरचा फ्यूज. केबिनपर्यंतची लांबी 230 व्होल्टच्या बाजूला टाकली, कारण तिथे 400 वॅटला दोन अँपिअर पण जात नाहीत. वायरीत पडणारं व्होल्टेज पाव व्होल्टच्या आत आलं, तेव्हापासून पीप ऐकलेला नाही.

हार्ड डिस्कचा किस्सा वेगळा. फाईल कॉपी होत असताना स्टार्टर मारला, व्होल्टेज खाली गेलं, इन्व्हर्टर ट्रिप झाला, डिस्कची फाईल सिस्टीम गेली. डेटा परत मिळाला पण एक रात्र गेली त्यात. आता स्टार्ट करायच्या आधी सगळं बंद, इंजिन लागलं की आधी इन्व्हर्टर चालू आणि मग एकेक वस्तू.

रिकामा चालू राहिला तरी हा 0.6 अँपिअर खातो. किरकोळ वाटतं ना? चार दिवस विसरलो तर 100 एएच (अँपिअर-अवर) बॅटरीतून 58 एएच गेले आणि स्टार्टर नुसता कण्हत होता.

लॅपटॉपच्या मेटल बॉडीला हात लावला की मुंग्या यायच्या, रेकॉर्डिंगमध्ये बारीक हम पण यायचा. अर्थिंग नसलं की अॅडाप्टरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडी गळती बॉडीवर येते. म्हणून रेकॉर्डिंग करताना लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर, अॅडाप्टर काढून.

आणि अर्धं सामान तर आता इन्व्हर्टरवर नाहीच. 24 चा 230 करायचा आणि अॅडाप्टरने परत 20 करायचा, दोन्हीकडे पॉवर वाया. लॅपटॉपला 12/24 व्होल्टवर चालणारा यूएसबी सी चार्जर घेतला, राउटरला 24 ते 12 चा डीसी कन्व्हर्टर. ट्रकचे 24 व्होल्ट 12 च्या दोन बॅटऱ्या जोडून होतात, त्यातल्या एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढायचा मोह मात्र आवरा, ती एकटीच उतरत जाते आणि दुसरी ओव्हरचार्ज होते.

तक्रार एकच उरलीय, पंखा. लोड दोनशे वॅटच्या वर गेला की घूं करून सुरू होतो आणि माईक तो इमानदारीत पकडतो.