घरच्या मशरूमसाठी टेबलटॉप लॅमिनार घेतला, प्लास्टिकच्या डब्यापुढे कितपत टिकला ते सांगतो

लॅमिनार म्हणजे हवा बारीक फिल्टरमधून गाळून समोर एकसारखा स्वच्छ वारा सोडणारं मशीन, आणि डबा म्हणजे त्याऐवजी वापरायचा स्वस्तातला जुगाड, त्याचं पुढे सांगतो. आधीच सांगून टाकतो, ज्यांना तयार बियाणं आणून पेंढ्यावर धिंगरी (ऑयस्टर मशरूम) काढायचीये त्यांनी हे मशीन अजिबात घेऊ नका. धिंगरी जात मुळात दांडगी, पेंढा ८० अंशाच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवला, नीट निथळला, हात धुऊन पिशव्या भरल्या की काम होतं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून लोक करतातच की. शेतावर करणारे १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम बाविस्टिन हे बुरशीनाशक आणि १२५ मिली फॉर्मालिन हे जंतुनाशक टाकून पेंढा १६-१८ तास भिजवतात, पण ते टू बीएचकेमधे करायचा विचारही करू नका, फॉर्मालिनच्या वासाने घरचे तुम्हालाच बाहेर काढतील. बियाणं पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी (मशरूम) प्रकल्पातून मिळतं, तिथून आणा आणि खुशाल पिशव्या भरा.

हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी आहे ज्यांना बियाणं स्वतः बनवायचंय, म्हणजे आगर प्लेटवर (जेलीसारखं खाद्य ओतलेली पसरट डिश) मशरूमची शुद्ध वाढ, म्हणजे कल्चर, करणं, ताज्या मशरूमच्या देठातून आतला तुकडा काढून प्लेटवर लावणं, मग तिथून गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर नेणं. इथे मात्र हवा स्वच्छच लागते कारण आगर आणि उकडलेले दाणे हे बुरशीला आयतं जेवण, आणि आपल्या मायसेलियमपेक्षा (मशरूमचे पांढरे तंतू) ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी कितीतरी पटीने चपळ. दाण्यांच्या बाटलीचा कापसाचा बोळा चार सेकंद उघडा राहतो तेवढ्यात जे पडायचं ते पडतं.

तर मशीन. प्लायचा खोका, मागे ब्लोअर, पुढे साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा), वरती एलईडी पट्टी आणि एक निळी ट्यूब, बाजूंना ॲक्रिलिकच्या काचा. आडव्या फ्लोचा, म्हणजे हवा फिल्टरमधून सरळ तुमच्या तोंडावर येते. ऑनलाइन मागवला, पंधरा हजारांच्या आसपास पडला. विक्रेत्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असेच खोके पाच-सहा जण वेगवेगळ्या स्टिकरने विकतायत आणि बघायच्या गोष्टी सगळ्यांच्या बाबतीत त्याच आहेत. घरी आल्यावर आईने विचारलं टीव्ही का आणलास एवढा जाडा, तेव्हा साइजचा अंदाज घ्या, डोंबिवलीच्या फ्लॅटमधे याला कायमची जागा द्यावी लागते, रोज उचलून कपाटावर टाकू असं काही होत नाही.

फिल्टरवर एच१४ लिहिलंय. एच१४ म्हणजे जे कण पकडायला सगळ्यात अवघड त्यातलेही ९९.९९५ टक्के अडवतो. आता ट्रायकोडर्माचे बीजाणू तीनेक मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बॅक्टेरिया एखाद्या मायक्रॉनचे, त्यामुळे साधा ९९.९७ टक्केवाला हेपासुद्धा आपल्या कामाला भरपूर झाला, एच१४ साठी जास्त पैसे मोजायची गरज नाही असं माझं मत. कारण घाण फिल्टरच्या कागदातून येतच नाही हो, ती येते कडेने! फिल्टरची फ्रेम आणि खोका यांच्यामधे जर बारीकशी फट राहिली तर मागची न गाळलेली हवा तिथून शिट्टी मारत बाहेर, आणि मग फिल्टर एच१४ असो नाहीतर एच४०.

ही फट शोधायची सोपी पद्धत म्हणजे उदबत्ती. खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, मशीन चालू, आणि पेटलेली उदबत्ती फिल्टरच्या समोर कडेकडेने फिरवायची. धूर सरळ रेषेत तुमच्याकडे यायला हवा. माझ्या खोक्यात मधे झकास सरळ येत होता पण खाली डाव्या कोपऱ्यात धूर गरगर फिरून परत फिल्टरकडे वळत होता. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं की सर थोडं चालतं. थोडं चालतं?? पंधरा हजाराच्या मशीनचं एकमेव काम तेच आहे ना. शेवटी स्वतःच सिलिकॉन सीलंटची ट्यूब आणून चारी कडा भरल्या, पूर्ण सुकू दिलं आणि पुन्हा उदबत्ती, तेव्हा रेष सरळ आली. उदबत्ती फक्त तपासायला हं, रोज ओवाळत बसू नका, धूर शेवटी मागून फिल्टरमधेच जातो.

दुसरं बघायचं ते ब्लोअर. हेपा दाट असतो, त्याच्यातून हवा ढकलायला दाब लागतो आणि नेहमीचा पाती असलेला एक्झॉस्ट फॅन तिथे दम टाकतो, आवाज भरपूर आणि वारा नाही. गोगलगायीच्या शंखासारखा गोल ब्लोअर असतो तो पाहिजे. कामाच्या लॅमिनारमधे वेग सेकंदाला ०.४५ मीटरच्या आसपास धरतात. एसीचं काम करणाऱ्या मित्राकडून वेग मोजायचा मीटर आणला, माझ्या खोक्यात मधोमध आकडा ठीक होता, कोपऱ्यांत ०.३ वर उतरत होता, म्हणून काम मधल्या भागातच करायचं आणि फिल्टरपासून वीतभर अंतरात. निदान ब्लोअर तरी शंखवालाच निघाला, हा एक मार्क विक्रेत्याला देतो. घेताना हे आधी विचारा, आणि आतला फोटो मागा, नुसतं पॉवरफुल मोटर म्हणाला तर पुढे जा.

निळ्या ट्यूबबद्दल काय बोलू. जाहिरातीत यूव्ही स्टरिलायझेशन असं मोठ्ठं लिहिलंय. जंतू मारणारी यूव्ही म्हणजे २५४ नॅनोमीटरची, ती साध्या काचेतून बाहेर पडतच नाही, त्याला क्वार्ट्झची किंवा यूव्ही जाऊ देणाऱ्या खास काचेची नळी लागते, आणि ती खरी असेल तर डोळे आणि कातडी भाजते त्यामुळे समोर बसून काम करताना लावायची नसतेच. शिवाय बाटलीच्या सावलीत जे आहे त्याला ती काहीच करत नाही. कोविडमधे निळा दिवा लावलेले कसलेकसले डबे विकले गेले ते आठवत असेलच. माझी ट्यूब खरी का खोटी याच्या नादी न लागता मी तिची वायरच काढून टाकली. हे फीचर दाखवून कोणी हजार दीड हजार जास्त मागत असेल तर देऊ नका.

आता डबा. स्टिल एअर बॉक्स म्हणतात तो, म्हणजे गोधड्या ठेवायचा ६० लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा टब उलटा करायचा आणि पुढे दोन हात जातील अशी भोकं. भोकं पाडायला पत्र्याचा डबा गॅसवर तापवून टेकवला की गोल कापलं जातं, खिडकी उघडी ठेवून करा, वास घाण येतो. टबचे सातशे-आठशे रुपये, बाकी खर्च शून्य. कल्पना उलटी आहे, लॅमिनार हवा गाळून वाहती ठेवतो तर इथे हवा थांबवायची, हवा हलली नाही की कण खाली बसतात. म्हणून आत हात घालून घाई करायची नाही, वस्तू आत ठेवल्या की पाचदहा मिनिटं थांबायचं, मग हळू हळू काम. उघड्या प्लेटवरून हात न्यायचा नाही. छान काम करतो पण खांदे भरून येतात आणि पावसाळ्यात आत हात घामाने निथळतात, पंखा लावायचा नाही ना, मुंबईच्या बाजूला जूनमधे बिनपंख्याचं बसून बघा म्हणजे कळेल.

दोघांची तुलना नुसत्या अंदाजाने नको म्हणून बटाटा डेक्स्ट्रोज आगरच्या प्लेट ओतल्या. पावडर हायमीडिया कंपनीची, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या दुकानांत सहज मिळते. सारखाच वेळ उघड्या ठेवल्या, एक ओट्यावर, एक डब्यात, बाकीच्या लॅमिनारसमोर मधे आणि कोपऱ्यात. ओट्यावरच्या प्लेटवर काळी, हिरवी, गुलाबी सगळी रांगोळी उगवली. डब्यातली जवळजवळ स्वच्छ, एका कडेला एक ठिपका. लॅमिनारची मधली एकदम कोरी, आणि गळका कोपरा सील करायच्या आधी तिथल्या प्लेटवर बुरशी, सील केल्यावर तीही कोरी. म्हणजे विक्रेत्याचं थोडं चालतं प्रकरण प्लेटवर दिसलंच.

मग पंधरा हजारात जास्तीचं काय मिळालं? वेग. दाण्याच्या पंधरा-वीस पिशव्या एका बैठकीत करायच्या असतील तर लॅमिनारसमोर खुर्ची टाकून आरामात होतात, मोकळे हात, मोकळी नजर. डब्यात तेवढ्याच करायला निम्मी दुपार जाते आणि शेवटी शेवटी कंटाळून हात जोरात हलायला लागतात. महिन्याला दोनचार बाटल्यांवाल्यांना डबा पुरे, माझ्या मते नव्वद टक्के घरगुती मंडळी याच गटातली.

आणि एक गोष्ट दोन्हीत सारखीच, आतमधे जे आहे ते मशीन सुधारत नाही. दाणे कुकरमधे १५ पीएसआय दाबाला, म्हणजे १२१ अंशाला, दीड तास नीट शिजले नसतील तर बॅसिलस बॅक्टेरियाचे बीजाणू जिवंत राहतात आणि दाणे ओलसर, चिकट, आंबट वासाचे होतात, मग लोक हवेला शिव्या देतात. हिरवं आलं तर हवा नाहीतर हात, आंबट चिकट झालं तर बहुतेक कुकर.

वापरताना काही गोष्टी मॅन्युअलमधे नव्हत्या. मॅन्युअल म्हणजे एक पान, त्यावर पण ट्यूबचंच कौतुक. मशीन अर्धा तास आधी चालू करून ठेवा. टेबल आणि हात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९९ टक्के घेऊ नका, ते भुर्रकन उडून जातं, पाणी असलं की जास्त वेळ टिकून काम करतं. फिल्टरवर स्प्रे कधीच नाही, कागद खराब होतो. स्प्रे मारल्यावर तो पूर्ण उडेपर्यंत स्पिरिटचा दिवा पेटवू नका, आणि बंद डब्यात तर ज्योत नकोच नको, आतली वाफ पेट घेते, सुरी बाहेर तापवून मग आत न्या. लॅमिनारसमोर दिव्याची ज्योत वाऱ्याने तुमच्याकडे झुकते, बाह्या सांभाळा. हिरवी झालेली बाटली मशीनसमोर उघडायची नाही, हा फ्लो मालाला वाचवतो, तुम्हाला नाही, सगळे बीजाणू थेट नाकात. तशी बाटली न उघडता कुकरमधे घालून मगच रिकामी करा. आणि ज्या खोलीत धिंगरी फुलतेय तिथे हे ठेवू नका, धिंगरी स्वतःच ढगभर बीजाणू सोडते, प्रीफिल्टर (मागचा, जाड धूळ अडवणारा फिल्टर) भरतोच आणि काहींना खोकलाही लागतो.

लाइट गेली की हवा बंद. आमच्याकडे शुक्रवारी जाते, त्यामुळे त्या दिवशी डबाच.

आवाज मिक्सरपेक्षा कमी पण सतत, रात्री अकरानंतर लावला तर घरचे बोलतात. मागचा प्रीफिल्टर रस्त्याकडच्या खोलीत बघता बघता काळा होतो, तो धुता येतो, हेपा धुता येत नाही. हेपा बदलायची वेळ आली तर नवीन कितीला पडेल हे विक्रेत्याला विचारलं तर स्टॉक बघून सांगतो म्हणाला, अजून बघतोच आहे. म्हणून घेण्याआधी फिल्टरची लांबी, रुंदी, जाडी लिहून मागा आणि त्या मापाचा बाजारात सुटा मिळतो का ते बघा, विचित्र मापाचा असेल तर एवढ्या एका कारणावरून सोडून द्या. मी पाचपैकी तीन देतो, कोपरा आधीच सीलबंद आला असता तर चार दिले असते.