शिकाऱ्यांचं सामान, राखणीच्या कामाला : आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, आम्ही शिकार करत नाही. १९७२ च्या कायद्यानं ती बंद झाली, आणि आजोबांच्या हाकाऱ्याच्या गोष्टी आता शेकोटीपुरत्या उरल्यात. पण बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं ज्याचं भात आहे, त्याला गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या रात्री शेतातच काढाव्या लागतात. लोंबीत दूध भरलं की डुकरं येतात. गवे तर पात हिरवी असतानाच उतरतात. माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसायचं, डबा बडवायचा, पहाटे जांभया देत घरी यायचं.

या कामासाठी म्हणून बनवलेलं सामान बाजारात नाही. मिळतं ते परदेशातल्या शिकाऱ्यांसाठीचं. पुण्याच्या भाच्यानं गेल्या जूनमध्ये ऑनलाइन मागवून दिलं: सापापासून बचावाचे गेटर १८०० रुपये, चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जॅकेट ७००, डोक्याला लावायची बॅटरी ११००. गमबूट मी बेळगावात खडेबाजारातून ४५० ला आणले. आता फेब्रुवारी सरत आलाय, काजूला मोहर आहे, राखणीतून थोडी उसंत आहे, म्हणून लिहितोय.

गमबुटांवर पैसे वसूल. घोणस, फुरसं चावतं ते बहुतेक पावलाला नाहीतर घोट्याला, आणि तेवढा भाग रबरात असतो. त्रास दुसराच. रात्रभर घालून बसलं की पाय आत शिजतात. श्रावणात बोटांच्या बेचक्यात अशा चिखल्या झाल्या की चार दिवस लंगडत होतो. आता रोज उलटे टांगून वाळवतो आणि घालण्याआधी आपटतो. दोनदा बेडूक निघाला, एकदा विंचू. त्या दिवसापासून घरातलं पोरगंही चप्पल झाडून घालतं.

एक मात्र डोक्यातून काढून टाका. गमबूट घातलेत म्हणून करंट लागत नाही, असं आमच्याकडं कितीतरी जण म्हणतात. ते वीजवाल्यांचे बूट नव्हेत. आत पाणी असलं, तळ फाटला असला किंवा हात तारेला लागला की संपलं. जनावरं अडवायला लावलेलं झटका मशीनचं कुंपण थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं, त्यात माणूस मागं फेकला जातो. घरच्या लाइनीवरून सरळ तार जोडणारे आहेत, ती बेकायदेशीर तर आहेच, वर माणसाला धरून ठेवते. अंधारात दुसऱ्याच्या बांधावर पाय टाकण्याआधी हाक मारतो ती म्हणूनच.

गेटर म्हणजे गुडघ्याखालून घोट्यापर्यंत गुंडाळायचं जाड नायलॉनचं आवरण. दिसायला भारी. वाळल्या वाटेवर चांगलं, चिखलात नकोसं. भाताचं कुसळ वेल्क्रोत शिरलं की सुईनं एक एक काढत बसावं लागतं. दसऱ्यापर्यंत डाव्या पायाचं चिकटेनासं झालं, मग खानापुरात चांभाराकडून चामडी पट्टा आणि बक्कल मारून घेतलं. ते अजून टिकून आहे. दाताची परीक्षा झाली नाही, होऊही नये. सुगीत एकदा पेंढीखाली घोणस होती. कुकरची शिट्टी अडकावी तसा तिचा आवाज. मी उभा होतो गेटर घालून ऐटीत, आणि पेंढीखाली घातला होता तो उघडा हात! तेव्हापासून पेंढी आधी काठीनं उलटतो. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला चावते, कधीकधी कळतसुद्धा नाही, तिथं गेटर काय करणार? माळा आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, हाच उपाय. साप चावल्यावर देतात ती आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालते. झाडीतला हिरवा चापडा त्यात नाही. काहीही चावलं तरी दोरी आवळायची नाही, चिरा मारायचा नाही, पाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठायचा.

गेटरचा खरा उपयोग आत्ता होतोय, गोचिडांसाठी. शेजारच्या दोडामार्गात २०१६ ला माकडतापानं माणसं गेली. तो गोचिडांमुळं पसरतो, आणि त्याचा जोर थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत. पँट आत खोचून वरून गेटर बांधलं की गोचीड बाहेरच चढते आणि फिक्या कापडावर लगेच दिसते.

आता जॅकेट. बायकोनं बघितल्या बघितल्या विचारलं, “रस्त्याच्या कामावर जाताय की काय?” मलाही ते फालतूच वाटलं होतं. डुक्कर, गवा, सांबर यांना नारिंगी आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही. अमेरिकेत कितीतरी राज्यांत शिकाऱ्याला नारिंगी घालणं सक्तीचं आहे, ते दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून. आपल्याला त्याचं काय, असं म्हणालो होतो. आश्विनात एका रात्री मी वाकून पाटाचं तोंड बांधत होतो. पलीकडच्या बांधावरून बॅटरीचा झोत अंगावर आला. मग हाक, “कोण हाय ओ तिथं?” शेजारी परवान्याची बंदूक घेऊन उभा होता. जवळ आल्यावर म्हणाला, “पट्टी चमकली म्हणून बरं झालं मामा, मी डुक्करच समजलो होतो.” त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त कापत होता.

पण चमकली ती पट्टी, नारिंगी कापड नव्हे. तो भडकपणा दिवसाउजेडी, रात्री ते राखाडी दिसतं. घेताना पट्टी पाठीवरही आहे का बघा. आणि धुण्याच्या दगडावर आपटू नका. आमच्या आईनं तीन वेळा आपटलं आणि खांद्यावरची चमक सोलून निघाली. वरून सायकलच्या दुकानातली टेप शिवून घेतली.

बॅटरी ठीक. दोन्ही हात मोकळे राहतात, पण पांढऱ्या उजेडाला किडे येतात ते सरळ तोंडात. लाल उजेड लावला की कमी येतात. भाद्रपदात चार्जिंगच्या भोकाचं रबर निसटलं, पाणी गेलं, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून चालू झाली. गव्याचे डोळे झोतात चमकले की मी माळ्यावरून उतरत नाही. त्या धडकेपुढं टिकेल असं काही या पार्सलात नव्हतं.

परवा भाच्याला फोन केला. गेटर आता नको म्हटलं, जॅकेट मात्र दोन पाठव, पाठीवर रुंद पट्टी असलेली. एक मला, एक बांधापलीकडच्याला.